आरोहीचे फुगे

आरोहीच्या हातातून मोबाईल हिसकावून घेता घेता शालनचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आता डॉक्टरच म्हणत होते, पोरीला गेम खेळू द्या! मोटरसायकलवरून पडून मेंदूला मार बसल्यापासून आरोहीचा डावा हात नुसता मांडीवर पडून असायचा. उपचार केंद्रातल्या चैताली मॅडमनी घरी टॅब दिला. त्याच्यासमोर बसून डावा हात उचलला की पडद्यावरचा फुगा फुटायचा. हे औषध की खेळ, शालनला काही उमगेना.

फुगे फुटतच नव्हते. आरोही रडकुंडीला यायची आणि शालनची नजर पडद्यावरच्या गुणांवर जायची. ते केंद्रात मॅडमनाही दिसायचे. एवढे कमी गुण बघून मॅडमनी उपचारच बंद केले तर? अक्कलकोट रोडच्या कारखान्यात शालन टॉवेलचे काठ शिवायची. तिथं एखादीच्या अंगात कणकण असली, की बाकीच्या बाया आपले शिवलेले टॉवेल गुपचूप तिच्या ढिगात सरकवायच्या. मग पोटच्या पोरीसाठी एवढंही करू नये? सुट्टीच्या दिवशी, आरोहीचा डोळा लागला की ही बाई टॅबपुढं बसून डावा हात नाचवायची.

झालं भलतंच. फुगे लहान होत गेले, सुसाट पळू लागले. आरोहीनं तोंड फिरवलं. "मला न्हाय जमत. मला न्हायच खेळायचं."

केंद्रात चैताली मात्र खूश. "ताई, केवढी प्रगती!" तिनं आरोहीला पडद्यासमोर बसवलं. एकही फुगा फुटला नाही. चैतालीला कळेना.

"मीच फोडले, मॅडम," शालन पुटपुटली. "तिच्या ढिगात घातले."

चैतालीनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, चांगलं खेळलं की हा गेम आपोआप अवघड होतो. तुम्ही जिंकत गेलात आणि ती हरत गेली. तिचं तिला चुकू द्या. त्यातूनच हात शिकतो."

चुका करून बरं होतं? शालनचं डोकं पार गरगरलं. चैतालीनं गेम पुन्हा सोप्या पायरीवर आणला. मोठा, संथ फुगा आला. आरोहीचा हात मांडीवरून जरासा उठला आणि अडला, तसा शालनचा हात न राहवून तिच्या मनगटाकडं गेला.

"आई, सोड की!" आरोही ओरडली आणि तिनं आईचा हात ढकलला. डाव्या हातानं.

फुगा न फुटताच निघून गेला. हसावं की रडावं, शालनला कळेना.

"मॅडम, ह्ये मशीननं मोजलं का?"

"नाही, ताई."

शालननं आपला हात परत पुढं केला. "मग अजून एकदा ढकल की गं."