लतीफेची सात पानं

जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याचं सुतक आम्ही ज्यू अजून पाळतो. आमच्या पंचांगातल्या अव महिन्याचे पहिले नऊ दिवस मांस नाही, वाइन नाही. पण कुणी तालमूदचा, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राचा, एखादा ग्रंथ शेवटपर्यंत वाचून काढला, तर त्या आनंदाच्या पंगतीला मांस चालतं. ब्युनोस आयर्समध्ये नऊ दिवस मांसावाचून काढायचे म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. त्यामुळे माझ्या ग्रंथावर माझ्यापेक्षा माझ्या मेहुण्याचं, सेलिमचंच जास्त लक्ष. त्याचं भाजक्या मांसाचं हॉटेल. त्याने वर्षभर आधीच जाहीर केलं: पहिल्या दिवशी दुपारी, चाळीस माणसं.

मी कापडाच्या दुकानात रोज सकाळी एक पान वाचायचो आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायचो. शेवटचं पान बरोबर त्या दिवशी यायचं होतं. बायको, लतीफे, हसायची. म्हणायची, तुमच्या हातून एक गोष्ट तडीला जाईल तर शपथ.

मार्चमध्ये लतीफे गेली. आमच्या रीतीप्रमाणे सुतकात सात दिवस जमिनीलगत बसलो. त्या दिवसांत ग्रंथाला हात लावायचा नसतो, कारण वाचनाने मन सुखावतं. उठलो तेव्हा सात पानं मागे पडली होती. तारीख चुकू नये म्हणून पुढचं पान उघडलं, मागची मागाहून वाचीन म्हटलं. मार्च गेला, जुलै आला. विसरलो असं म्हणणं खोटं ठरेल. दर शुक्रवारी त्या सात पानांपर्यंत यायचो आणि मुकाट्याने पुस्तक मिटायचो.

आणि आता चाळीस माणसं बसली होती, निखाऱ्यावर फासळ्या तडतडत होत्या, आणि आमचे धर्मगुरू, रब्बी, मान हलवून मला सुरू करायला सांगत होते. शेवटच्या चार ओळी वाचायच्या, ग्रंथाचा निरोप घ्यायचा, की झालं. कोण तपासणार होतं? सगळ्यांना सुतकात मांस खाऊ घालायचं, तेही माझ्या थापेवर, आणि वर हे वाचन लतीफेच्या नावाने केलं म्हणायचं.

"माझं वाचून झालेलं नाही," मी म्हणालो. "सात पानं राहिलीत."

कुणीतरी खोकलं. सेलिम हातात चिमटा घेऊन तसाच पुढे आला. त्याचा चेहरा बघून वाटलं, हा मला इथेच भाजून काढणार.

"दाजी, चार महिन्यांत सात पानं होत नाहीत?"

"तिचे सात दिवस आहेत रे ते," मी म्हणालो. "वाचले की तेही संपले. मग माझ्याजवळ काय उरलं?"

लतीफे त्याची एकुलती एक बहीण होती. तो वळला आणि फासळ्या उतरवायला लागला. भाजलेलं सगळं शेजारच्या गॅरेजमधल्या पोरांकडे गेलं, त्यांची चंगळ झाली. आमच्या ताटात मसूरभात आणि उकडलेली अंडी आली. रब्बींनी दोनदा भात घेतला.

जेवण झाल्यावर सेलिम माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने बोटांवर मोजलं.

"उद्यापासून रोज एक. सुतकाच्या आठव्या दिवशी सात होतात. त्या दुपारी परत पेटवतो."

"आणि मी वाचलंच नाही तर?"

"मी येतो ना सकाळी दुकानात," तो म्हणाला. "तुम्ही एकटे होतात, म्हणून राहिलं."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. त्या ग्रंथातलं अक्षरही न कळणारा माणूस, पण पान संपेपर्यंत हलला नाही. कोपऱ्यात तारीख मी त्यालाच घालायला लावली.