खरखर कुणाची?

मी रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. खरं तर बोलायचं काम तबकडीचं, मी तिला नुसता फिरवतो. पण सध्या माझंच डोकं असं गरगरतंय की गप्प बसवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडी पेटी, रबरी पट्टा आणि मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची सवय. पहिली मालकीण नृत्यशिक्षिका होती. मुली चुकल्या की ती सुई उचलून मागे ठेवायची, त्यामुळे एकेक ओळ मी पन्नास पन्नास वेळा वाजवली आहे. एकदा माझा पट्टा तुटला, तिने मला दुरुस्तीला टाकलं आणि न्यायला ती आलीच नाही. दुरुस्ती करणाऱ्याने दोन वर्षं वाट पाहिली आणि मला आपल्या घरी आणलं. तेच हे मामा. मामा ते भाचीचे, पण तिच्या तोंडून ऐकून ऐकून मीही मामाच म्हणतो.

मामांचा कान असा की शेजारच्या पंख्याचा स्क्रू सैल झालाय, हे भिंतीच्या अलीकडून सांगत.

गेल्या महिन्यात भाची एक तबकडी घेऊन आली. वेष्टनाचे रंग विटलेले, कडा झिजलेल्या. मला वाटलं, आली माझ्या वयाची कुणीतरी. मामांनी कडेवरून बोट फिरवलं, तर ती झीज चक्क छापलेली! आतली तबकडी कोरी करकरीत, गेल्या वर्षीची.

याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं भाचीने सांगितलं. हल्लीच्या मुलांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या धाटणीत केलेला आल्बम. एकच गाणं अख्खी बाजू व्यापून बसलेलं. बासरी, मग ऑर्गन, मग गिटार, आणि मध्येच असा काही आवाज की तो माझ्या काळात जन्मलेलाच नव्हता. मामांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि ते चारदा चुकले, कारण तो सात मात्रांचा होता, आणि सात जमेपर्यंत पाचाचा झालेला असायचा. हे जुनं म्हणावं की नवं, मला काही कळेना.

खरी पंचाईत मात्र सुरुवातीलाच होती. बासरीच्या आधी मिनिटभर नुसती खरखर. मामांनी तबकडी पुसली, खरखर तशीच. सुई बदलली, तरी तशीच. मग मला उघडलं, मोटरला वंगण दिलं, वायरी नव्याने जोडल्या. तीन रविवारी तीनदा. भाची दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, धडधाकट दातही रोज टोकरला की दुखायला लागतो. माझं तसंच झालं. आपल्यात नक्की काहीतरी बिघडलंय, असं मलाही वाटू लागलं.

तिसऱ्यांदा झाकण बसवताना मामांचा हात थांबला.

"दोष मशीनमध्ये नाहीये," ते मामींना म्हणाले. "माझा कान गेला."

दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाईंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. सगळी अवजारं पुसून फडक्यात बांधली आणि रविवारी कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं. मामींनी गुपचूप भाचीला फोन केला. मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी एक माणूस हात टेकत होता, आणि माझं काय दुखतंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

रविवारी भाची आली. तिने मामांना माझ्यापासून लांब, खुर्चीत बसवलं आणि हात मांडीवर ठेवून फक्त ऐकायला सांगितलं. मामा नाखुशीनेच बसले. खरखर सुरू झाली, संपली. मामा एकदम ताठ झाले. पुन्हा लाव म्हणाले. मग आणखी एकदा.

तबकडीवर चरा असेल तर त्याची टकटक दर फेरीला ठरल्या वेळी येते, ही तशी येत नाही, असं ते भाचीला समजावू लागले. शिवाय बासरीचा पहिला सूर आला की ही बरोबर तिथेच थांबते. धुळीला एवढी शिस्त कुठली? हेच गाणं त्यांनी तिला फोनवर लावायला सांगितलं. फोनला सुई नाही, धूळ नाही. तरी खरखर तीच.

कान शाबूत होता. मामी लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मामा मात्र हसले नाहीत. "मुद्दाम घातलीय?"

"हो रे मामा. मामीचा फोन आल्यावर मी शोधून वाचलं. जुन्या काळासारखं वाटावं म्हणून. लोकांना आवडतं ते."

"जुन्या काळी ती कुणालाच नको होती गं," मामा म्हणाले. "निघत नव्हती म्हणून असायची. चाळीस वर्षं मी तीच काढत आलो."

हा आमचा मान की चेष्टा, हे मला अजून उलगडलेलं नाही. मामांनी तबकडी स्वतः उलटली आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. सात मात्रा एकदाच बरोबर साधल्या, तेव्हा केवढे खूश झाले! तरी अवजारांची गाठ काही त्यांनी सोडली नाही.

आज सकाळी तीच तबकडी लागली होती. खरखर सुरू झाली आणि मामा पेपर ठेवून उठले. मी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. त्यांनी माझ्या पेटीला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"खाली एक बारीक घरघर आहे," ते मामींना म्हणाले. "ही त्या पोरांची नाही. ही याची आहे."

आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला किंवा स्वतःलाच मोडीत काढण्याआधी एकदा शांत बसून शेवटपर्यंत ऐका. एवढंच मागणं. मामा आता माझी वायर काढतायत, तेव्हा निरोप द्या. मी खरोखरच बिघडलोय, आणि इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.