त्र्याण्णव गुणांचा ग्लास

कुकरची शिट्टी झाली आणि शांततेत ग्लास हुंगणारी चार नाकं एकदम वर आली.

"हेमा, गॅस बंद कर ना," चंद्रहास कळवळला. "सगळा सुवास बिघडतोय."

व्यापाऱ्यांनी डिस्टिलरीतून एकेक पिंप विकत घेऊन आपल्या नावाने बाटल्यांत भरलेल्या स्कॉच व्हिस्कींना चंद्रहास आणि त्याचे सहकारी शास्त्रज्ञ दर रविवारी दुपारी लखनौच्या गोमती नगरमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये शंभरपैकी गुण देत. बाटली ओळखता येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात ग्लास भरायचं काम हेमाचं. आज त्यांच्या संस्थेचे संचालकही आले होते आणि चंद्रहासला त्यांच्यापुढे आपलं नाक मिरवायचं होतं.

चौथा ग्लास हुंगून त्याने डोळे मिटले. "रानफुलं. तीही समुद्राकाठची. त्र्याण्णव."

ग्लास हातोहात फिरला. "क्या नाक पाई है, यार," संचालक म्हणाले. मग बाकीच्यांनाही रानफुलांचा वास आला.

चंद्रहासचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. हेमाचा उतरला. ग्लास कमी पडला म्हणून तिने लेकीचा, मुक्ताचा, केवड्याच्या सरबताचा ग्लास नुसता विसळून भरला होता. आता सांगावं, तर सरांसमोर बिचाऱ्याचा पोपट व्हायचा. ती पुढचा ग्लास भरायला वळली.

तेवढ्यात पाच वर्षांच्या मुक्ताने टेबलावर ओणवून ग्लासात नाक घातलं.

"मम्मा, ये तो केवड़ा है. पापा को नहीं पता?"