साडेअकरा आटे

“आधी हाताने फिरव, पोरी. पाना नंतर. तीन-चार आटे नुसत्या हाताने गेले नाहीत, तर ती जोडी नव्हे.”

वडील जाऊन वर्षं लोटली होती. तरी त्यांच्या पाइपांच्या दुकानात कोणी पाइपजोडाचं फिटिंग पुढे केलं की तिला आधी हा आवाज ऐकू येई. आत्ताही आला. समोरच्या बाईने फडक्याची गाठ सोडून दोन तुकडे काउंटरवर ठेवले होते. एक सॉकेट, म्हणजे आतून आटे असलेली जोडनळी, आणि त्यातून निसटलेलं निपल, दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला पाइपचा तुकडा.

बाई बॉयलरवाल्याची बायको. मोठ्या लाँड्रीत वाफेची लाइन सुटली त्यात तो गेला, आणि इस्त्रीवरची एक मुलगीही गेली.

“राखणदाराने भंगारातून काढून दिलं,” बाई म्हणाली. “चौकशीवाले म्हणतात, ह्यांनीच काहीतरी चुकीचं बसवलं. मेलेला माणूस बोलायला येतोय थोडाच! त्या मुलीची आई मला रस्त्यात पाहून थुंकली, ताई. खरं काय ते सांगाल ना? जे असेल ते?”

“सांगेन. वहिनी, बसा.”

तिने निपलला कॅलिपर लावला. तेहतीस मिलिमीटर.

“एक इंची आहे.”

“एवढं जाड?”

“पाइपचं नाव आतल्या भोकावरून पडतं. बाहेरून मोजलं की माणूस फसतो.”

मग तिने आटे मोजायची, दातेरी पानांची पट्टी काढली. सॉकेटमध्ये इंचाला अकरा आट्यांचं पान अलगद बसलं. निपलच्या चांगल्या टोकावर तेच पान डुगडुगलं. साडेअकराचं पान लावलं, तेव्हा फट उरली नाही. निपल परदेशी मशीनच्या जातीचं. हाताने दोन फेरे जाऊन अडलं असणार. पुढचे आटे चावल्यासारखे झाले होते. कोणीतरी पान्याने रेटलं होतं.

तिने निपल उजेडात धरलं. मधल्या भागावर पान्याच्या दातांच्या ओळी उमटल्या होत्या. प्रत्येक ओळीत एकाच जागी एक दात नव्हता.

तिचा अंगठा त्या रिकाम्या जागेवरून पुन्हापुन्हा फिरला.

“काय झालं, ताई?”

“हे तुमच्या माणसाने बसवलेलं नाही,” ती म्हणाली. “चौकशीवाले कुठे बसतात?”

“लाँड्रीच्याच ऑफिसात. आज शेवटचा दिवस.”

“तुम्ही व्हा पुढे. हे माझ्यापाशी राहू द्या. मी येते.”

बाई गेली तसा नवरा मागच्या खोलीतून बाहेर आला. हातात चहाचा कप. त्याने काउंटरकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला, तो अर्धा बशीबाहेर.

“भंगार घ्यायला लागलीस वाटतं?”

तिने निपल मुठीत धरलं.

“दे इकडे. भंगाराच्या पेटीत टाकतो.”

“लाँड्रीला तुम्ही गेला होतात.”

“माझ्या अकलेचे आटे ढिले, असं तुझे वडील म्हणायचेच.” तो हसायला गेला. हसू आलं नाही. “लाइन बंद पडलेली, मॅनेजर डोक्यावर उभा. बसलं की गं ते! घट्ट बसलं होतं.”

“हाताने?”

त्याने मान खाली घातली.

“आपल्या पोरीचं काय?” तो म्हणाला. “तिला काय सांगशील?”

“त्या वहिनींनाही पोरं आहेत, अहो.”

तिने दोन्ही तुकडे फडक्यात बांधले. पट्टी आणि कॅलिपर पिशवीत टाकला. मग भिंतीकडे वळली. एक दात तुटलेल्या त्यांच्या पान्याची खुंटी रिकामी होती. बॉयलरवाला गेला त्या दिवसापासून ती रिकामीच होती, हे तिला आत्ता जाणवलं.

ती त्याच्याकडे वळली.

तो खाली वाकला. बाकाखालचं पोतं ओढून पाना बाहेर काढला, तिच्यासमोर ठेवला.

“जड आहे,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी धर.”

तिने पाना फडक्याशेजारी पिशवीत घातला, चपला सरकवल्या आणि उन्हात पायरी उतरली.