माझ्या तोंडी घातलेली धमकी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी हळव्या होऊन सांगत असतील. मला ते जमणार नाही, कारण मी चिडलेलो आहे.

पत्रा ठोकून मला आकार दिला आणि एका रिक्षाच्या टपावर बांधलं. तोंड एवढं मोठं, पण बोलायचं ते दुसऱ्याचं, ही माझी जन्माची अडचण. तरी सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. बाजारात पोर चुकलं की रिक्षावाला माइकवरून सांगायचा आणि आई धावत यायची. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे.

मग वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून जात होता आणि तिथेच फुटला होता. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाइप बदलायचा सोडून आरोग्य खात्याच्या साहेबांनी माझ्यासाठी टेप पाठवली. रुग्ण लपवू नका, रुग्ण सापडेल त्या घराला कुलूप लावण्यात येईल आणि घरच्यांना छावणीत हलवण्यात येईल. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! दिवसभर मी हेच ओरडत गल्लोगल्ली फिरलो. पाण्याबद्दल त्या टेपमध्ये एक शब्द नव्हता.

एकही रुग्ण पुढे आला नाही. साथ आटोक्यात आली असं साहेबांनी जाहीर केलं. त्यांचा सत्कार झाला, आणि ते भाषणही माझ्याच तोंडून झालं.

रिक्षावाल्याची बहीण त्याच वस्तीत इस्त्रीचं काम करायची. रिक्षा दिसली की ती दारात यायची आणि सगळं ठीक आहे म्हणून हसायची. एकदा मात्र तिची इस्त्री थंड पडलेली दिसली, कपड्यांचा ढीगही तसाच. रिक्षावाला उतरून आत शिरला. गाठोड्यांच्या मागे त्याची भाची निजवली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मामाने हाक मारली तरी ओ देईना.

"अगं, मला तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"तुला कसं सांगू, दादा? कुलूप लावणार म्हणून तूच तर रोज ओरडत जातोस. लोकांचे कपडे अडकले आत, तर खाऊ काय आम्ही?"

पोरीला उचलून त्याने रिक्षात ठेवलं, टेप बंद केली आणि माइक घेतला.

"माझी भाची आजारी आहे, तिला दवाखान्यात नेतोय. अजून कुणी आजारी असेल तर आणा. कुलूप लावायला कुणी आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

मग न्हाव्याचं दार उघडलं. त्याच्या पाठीवर त्याचा म्हातारा बाप होता. पाठोपाठ बाकीची दारं उघडली. रिक्षात जागा पुरेना, तेव्हा लोकांनी हातगाड्या काढल्या. इतकी माणसं दारांआड तळमळत होती, आणि त्याच दारांवरून मी धमकी देत गेलो होतो!

सलाइन लागल्यावर भाची वाचली. न्हाव्याचा बाप गेला. त्याला आणायला फार उशीर झाला होता, आणि हा उशीर कुणी केला ते मला विचारा.

रुग्णांचा आकडा वाढला तशा चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. म्हणे रिक्षावाल्याने अफवा पसरवली. याच भोंग्यावरून चौकात माफी माग, असा साहेबांनी हुकूम सोडला. रिक्षावाला आला. सगळी वस्ती जमली होती.

"चुकलोच मी," तो म्हणाला. "इतके दिवस ती टेप वाजवली, ते चुकलं. पाइप अजून फुटकाच आहे. पाणी उकळून प्या, आणि कुणी आजारी पडलं तर मला हाक मारा."

साहेबांच्या माणसाने तिथल्या तिथे माझी वायर तोडली आणि मला टपावरून उतरवून नेलं.

तेव्हापासून मी खात्याच्या अडगळीत पडलो आहे. बाहेर नवा भोंगा फिरतो. आवाज खणखणीत, टेप तीच. पाइप बदललेला नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल, रंगही देऊ नका. फक्त माझी वायर जोडा आणि माइक त्या इस्त्रीवालीच्या हातात द्या. त्या पाइपाबद्दल तिला काय म्हणायचं आहे, ते मला एकदा साहेबांच्या खिडकीखाली ओरडून सांगायचं आहे.