खारा धूर

सुनेत्राबाईंचा गोडा मसाला वेस्ट मांबलममधल्या यच्चयावत मराठी घरांत जायचा. भाजताना त्यांनी कधी घड्याळ बघितलं नाही. धण्यांचा कच्चेपणा गेला की आच कमी, दगडफुलाचा वास सुटला की कढई खाली, असा सगळा नाकाचा कारभार. आणि मार्चमधल्या एका फालतू तापाने नेमकं ते नाकच नेलं! कॉफीला वास नाही, फोडणीला नाही. मसाल्याचा एक घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने फेकून दिले.

"आता पुरे झालं गं, वयही झालं," नवरा म्हणाला. रत्नाकर रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना सगळंच कधी ना कधी रिटायर होतं असं वाटायचं.

"नवरात्रापर्यंत बघणार," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तोवर नाक आलं तर दिवाळीच्या ऑर्डरी घेईन. नाही आलं तर मसाला कायमचा बंद. पण तोवर मी हटणार नाही."

नुंगंबाक्कमची डॉक्टर हरिणी तंजावरकडची मराठी, बोलायची अर्धं तमिळ. तिने रोज लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगायला सांगितली. "पोरुमै वेणुम, मामी. धीर धरायचा." मामींनी धरला. तीन महिने धरला. लवंग हुंगली काय नि खडू हुंगला काय, सारखंच.

मग जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, काय जळतंय?"

काहीच जळत नव्हतं. रत्नाकरांनी आपली शनिवारची बाटली उघडली होती. मुलगा अमोघ स्कॉटलंडला नोकरीला. त्याने आणलेली सिंगल माल्ट. तिथल्या एका बेटावर दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर जव सुकवतात आणि दारूची पिंपं वर्षानुवर्षं समुद्राला लागून असलेल्या कोठारात झोपवून ठेवतात, असं त्याने कौतुकाने सांगितलं होतं. पहिल्यांदा उघडली तेव्हा सुनेत्राबाईंचं नाक ठणठणीत होतं. "व्हिस्की कसली ही? दवाखान्याची फरशी पुसलेलं पाणी!" म्हणून त्यांनी खिडक्या उघडल्या होत्या. "अगं, आधी भांडते, मग लळा लावते," रत्नाकर हसले होते. "तुझ्यासारखीच."

पण आता तोच धूर नाकाला कळला, आणि त्या जूनमधल्या शनिवारपासून बाटली बाईंच्या ताब्यात गेली. रत्नाकरांचा शनिवार बुडाला. रोज देवपूजा आटोपली की बाई स्टीलच्या वाटीत चमचाभर ओतायच्या, दोन थेंब पाणी घालायच्या, वाटी तळहातावर धरून ऊब द्यायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या. जिभेला कधी थेंब लावला नाही. आधी नुसता धूर, ओल्या लाकडाच्या चुलीचा. आषाढ सरता सरता त्या धुरामागून मीठ आलं. बेसंट नगरच्या किनाऱ्यावर वाळत पडलेल्या दोरांना येतो तो खारट वास. मग लहानपणी फुटलेल्या गुडघ्याला लावायचे ते टिंक्चर. आणि सगळ्यात शेवटी, वाटी कोरडी झाली की तळाशी भाजक्या जवाची मधासारखी गोडी. ज्या वासाला नाक मुरडलं होतं, त्याची आता त्या सकाळी उठून वाट बघायच्या. साधासरळ वास दारावरून परत जायचा. हा भांडखोर, ढकलून आत यायचा.

"मनाचे खेळ गं," रत्नाकर हळूच म्हणायचे. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

नवरात्राला चार दिवस राहिले. त्या सकाळी वाटी नाकाशी नेली, आणि धूर नाही. मीठ नाही. काही नाही.

गेलं. पुन्हा गेलं! बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, डोळे भरून आले. पण मुळात हट्टी. डोळे पुसून वाटी पुन्हा उचलली. आणि काहीतरी आलं. गोडगोड, स्वस्त टॉफीसारखं.

नाक गेलं असेल तर ही टॉफी कुठून आली?

त्यांनी मसाल्याचे डबे धडाधड उघडले. लवंग हुंगली: आहे! दगडफूल: आहे, ओल्या मातीसारखं, जसं पूर्वी होतं तसं. म्हणजे नाक शाबूत आहे. मग ही बाटली खोटं बोलतेय.

आणि तेवढ्यात कुठूनतरी ओळखीचा धूर आला. बाई त्याच्यामागे निघाल्या. हॉलमध्ये रत्नाकर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. त्यांच्यावरून पुढे बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागे हात घातला आणि बोळा केलेलं एक फडकं बाहेर काढलं.

"हे काय?"

पेपर खाली आला. "काल तू देवळात गेलीस तेव्हा कपाट पुसत होतो. बूच सैल होतं, बाटली कलंडली. सगळी सांडली. मग दुकानातून आपली साधी आणून भरली."

"दुधाची तहान ताकावर? मला न सांगता?"

"मला वाटलं..." ते थांबले. "मला वाटलं, तुला कुठे कळतंय."

व्हिस्की सांडल्याचं बाईंना काही वाटलं नाही. हे मात्र लागलं, अगदी आत लागलं.

"इतके दिवस मी रोज सकाळी काय नाटक करत होते?"

"तू मनाची समजूत घालतेयस असं वाटायचं. ती तुटू नये म्हणून भरली गं." त्यांनी पेपरची घडी घातली. "चुकलो." आणि काय करावं ते न सुचून ते फडकं घेऊन बादलीकडे वळले.

"खबरदार!" बाईंनी ते हिसकावलं. "हे फडकं धुवायचं नाही." घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याआधी त्यांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले. "धूर. मीठ. टिंक्चर." मग एक डोळा उघडला. "आणि वर फिनेल ओतलंत. मला कळू नये म्हणून."

ते फिनेल रत्नाकरांनी जेमतेम झाकणभर ओतलं होतं.

"सगळ्यांना फोन करते, दिवाळीच्या ऑर्डरी घेतेय म्हणून," बाई पदर खोचत म्हणाल्या. "तुम्ही धणे निवडायला घ्या."

रत्नाकरांनी परात पुढ्यात ओढली.