शंभर किलोचा तक्ता

जंतांचे औषध दिल्यानंतरच्या चौदाव्या दिवसाचे नमुने मी सकाळीच मोजायला घेतले. बनी पार्कातल्या आमच्या घरात माझ्या सूक्ष्मदर्शकाला गच्चीलगतची खोली मिळाली आहे. डुकरांच्या विष्ठेच्या डब्या फ्रीजमध्ये दिसल्या तर डब्यांसकट तुम्हीही बाहेर, असे शालनने, माझ्या पत्नीने, पूर्वीच बजावले आहे.

मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा कालवून गाळली की जंतांची अंडी वर तरंगतात. ती रेघा आखलेल्या काचेवर मोजायची. माद्या बारा, प्रत्येकीची मोजणी दोनदा. औषधापूर्वी ग्रॅममागे सरासरी बाराशे अंडी होती, औषधानंतर साडेसातशे. शंभरातली निदान पंच्याण्णव नाहीशी व्हायला हवी होती. सदतीस झाली होती. मी काचा धुऊन पुन्हा मोजले. फारसा फरक पडला नाही.

वराहपालनाचे हे केंद्र बस्सीच्या रस्त्यावर आहे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या नंदकिशोरने ते उभारले. तो माझा शेजारी. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला. जंतांचे काम आपोआप माझ्याकडे आले. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची मुलगी मैत्रेयी केंद्र पाहू लागली. येथून पैदाशीच्या माद्या लहान पालकांकडे जातात, तेव्हा सोबत माझ्या सहीची चिठ्ठी असते: जंतांचे औषध दिले, तारीख अमुक. त्या चिठ्ठीच्या भरवशावर ते लोक नवी मादी सरळ आपल्या डुकरांत सोडतात. सोमवारी चोवीस माद्या जायच्या होत्या.

दुपारी मी केंद्रावर गेलो. मैत्रेयीने आकडे पाहिले आणि बाटली नकली असेल असे सुचवले. मी दोन वेगवेगळ्या दुकानांतून औषध आणले होते, हे तिला सांगितले.

"काका, चिठ्ठीवर फक्त तारीखच असते ना? मतलब, औषध तर आपण दिलंय. त्यात खोटं काय?"

"खोटं काही नाही. पण ती वाचून समोरचा माणूस निर्धास्त होईल, आणि हे जंत त्याच्याकडे जातील. मग त्याच्याकडेही हे औषध चालायचं नाही."

"पण आपल्याकडेच असे जंत का झाले?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. पंधरवड्यापूर्वी, औषध देण्याआधी, मी प्रथमच फीत घेऊन प्रत्येक मादीचा छातीचा घेर व लांबी मोजली होती आणि त्यावरून वजन काढले होते. एकही एकशे साठ किलोच्या खाली नव्हती. मैत्रेयीच्या मागच्या भिंतीवर मात्र अकरा वर्षांपासून माझ्याच अक्षरातला तक्ता होता: मोठी मादी, शंभर किलो, एक माप. खाद्य घालणाऱ्या माणसांना सोपे जावे म्हणून मी एकच आकडा लिहिला होता. केंद्र सुरू झाले तेव्हा माद्या तरुण होत्या आणि तो आकडा बरोबर होता. पुढे त्या वाढल्या. तक्ता तोच राहिला. अर्ध्यामुर्ध्या औषधाने कमजोर जंत मेले, चिवट तेवढे उरले, आणि अकरा वर्षे त्यांचीच पैदास होत राहिली. या वेळी वजनाप्रमाणे पूर्ण औषध दिले, तरी ते मेले नाहीत.

मी हे सर्व तिला क्रमाने सांगितले.

"तक्ता तर पप्पांनी लावलाय," ती म्हणाली.

"लावला त्याने. लिहिला मी."

ती उठून शेडच्या दारापर्यंत जाऊन आली. मग गाडीवाल्याला फोन करून सोमवारचे येणे रद्द केले. माझ्याशी बोलली नाही, पण चहा मागवताना माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला.

पुढे काय करायचे ते मी कागदावर लिहिले: वेगळ्या रासायनिक गटातले औषध, प्रत्येकीचे वजन फितीने, चौदा दिवसांनी पुन्हा मोजणी, शेडमधली जमीन रोज कोरडी. अक्षर पूर्वीसारखे सरळ येत नव्हते. लिहून झाल्यावर तिने विचारले, "आणि आधी ज्यांनी माद्या नेल्या, त्यांचं काय?"

तिने वही काढली. अकरा वर्षांत एकोणीस पालक झाले होते. पहिले नाव चोमूच्या हरसहायचे. फोन मीच करावा, हे दोघांनाही न बोलता कळले.

हरसहायने आवाज लगेच ओळखला. माझी प्रकृती विचारली, सुभेदारसाहेबांची आठवण काढली. माद्यांना जंतांचे औषध किती देता, असे मी विचारले.

"आपके काग़ज़ के हिसाब से, साहब," तो अभिमानाने म्हणाला. "सूबेदार साहब ने दिया था। लैमिनेशन करवा के दीवार पर लगा रखा है। एक भी बार नहीं चूके।"

मी त्याला तो तक्ता भिंतीवरून काढायला सांगितले. का, ते त्याने विचारले. मी मैत्रेयीकडून पाण्याचा ग्लास घेतला आणि पहिल्यापासून सांगू लागलो. अजून अठरा नावे होती.